वाकडं बसवलेलं इंजिन

सोपान हुलावळे जेवतो तेही चालता चालता. हातात भाकरी, भाकरीवर पिठलं आणि पाय अंगणातून शेडकडे, शेडमधून बांधाकडे. कस्तुराबाईने संसाराच्या सुरुवातीला ताट वाढून वाट पाहून बघितलं, रुसून बघितलं, आणि शेवटी भाकरीच जरा जाड थापायला लागली, म्हणजे ती हातात मोडत नाही.

कार्ल्याच्या खालच्या अंगाला, हायवेपासून थोडं आत त्यांचं घर आहे. घरापुढे भाताची खाचरं, बाजूला पत्र्याची उंच शेड. शेडच्या मागे सोपानच्या जुन्या वेडांचे अवशेष पडलेले आहेत. भात लावायचं एक यंत्र, जे पहिल्याच चिखलात रुतलं. पवनचक्कीचं एकुलतं एक पातं. माशांसाठी खणलेला आणि आता बेडकांना आंदण दिलेला खड्डा. सोपानला कुठल्याही कामाची सुरुवात इतकी आवडते, की शेवटापर्यंत पोचायच्या आत त्याला दुसरी सुरुवात सापडते. तळेगावच्या कंपनीत तो फिटर होता तेव्हा निदान भोंग्याचा धाक होता. निवृत्त झाल्यावर तोही राहिला नाही.

विमानाचं वेड मात्र टिकलं. हिवाळ्यात कामशेतच्या डोंगरावरून रंगीत छत्र्या घेऊन माणसं हवेत तरंगतात. बाजाराला गेला की सोपान सायकलवाल्यापाशी उभा राहून मान वर करून त्या बघायचा आणि म्हणायचा, ‘‘वारा नेईल तिकडं जायचं, ह्यात काय मजा?’’ पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या निलेशने हे एकदा ऐकलं आणि दोघांची गट्टी जमली. निलेशने आधी एका फ्लाइंग क्लबमध्ये विमानांची देखभाल केली होती. एकट्या माणसासाठीच्या हलक्या विमानाचे नकाशे त्यानेच मिळवून दिले. मग अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, कापड आलं, आणि भाताची शेड विमानाची झाली. भात ओसरीवर गेलं.

उडवायच्या परवानगीचं, तपासणीचं काम पुढचं होतं आणि ते निलेश बघणार होता. सोपानची आताची तहान एवढीच होती, की इंजिन बसावं आणि विमान स्वतःच्या ताकदीनं जमिनीवर सरळ पळावं. इंजिन येऊन लाकडी फळीवर पडलं होतं. ते नव्हतं म्हणून विमान शेपटीवर बसलेलं असायचं, नाक वर करून, भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं. सोपान येता-जाता त्याच्या नाकावर हात ठेवून ते खाली दाबायचा आणि सोडून द्यायचा. ते पुन्हा वर जायचं.

इंजिन उचलून धरायला चेनकप्पी हवी होती, आणि चेनकप्पी म्हटल्यावर सोपानला एकच माणूस आठवला.

कामशेतला पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिमाजी वाळुंजांचं दुकान होतं. नदीवरच्या पाणीपंपांची डिझेल इंजिनं बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. सोपान शाळा सुटल्यावर तिथेच पाना धरायला शिकला. इंजिन आणि पंप एका रेषेत बसवावेत ते भिमाजीआबांनीच, असं पवनेपासून इंद्रायणीपर्यंत लोक म्हणत. काठावरचा चिखल असो की उतारावरचा कातळ, त्यांनी बसवलेल्या इंजिनाचा पट्टा कधी उतरला नाही. सपाटी बघायची पाणसळ आणि दोरा घेऊन ते अर्धा दिवस घालवत, पण वाकडं इंजिन सोडून उठत नसत. वाकडं इंजिन म्हणजे त्यांना माणसाच्या वागण्यातली खोट वाटायची.

पुढे वीज आली, पाण्यात बुडणाऱ्या मोटारी आल्या, आणि आबांकडे कुणी येईना. दुकानाच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात. आबा वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात आणि दिवसभर खाली खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात. कुठल्या गाडीचं काय बिघडलंय ते स्वतःशी बोलतात. विचारायला कुणी थांबत नाही.

सोपानने मोटरसायकल बंदही न करता विचारलं, ‘‘आबा, चेनकप्पी हाय का अजून?’’

‘‘माज्यासारखीच हाय. गंजलीया, पर पडली न्हाई. काय उचलायचंय?’’

‘‘इंजान.’’

‘‘कुनाचं?’’

‘‘इमानाचं.’’

आबांनी चष्मा वर सरकवला. ‘‘म्हंजी खरंच करतोयस तू? मला वाटलं, मानसं तुजी टिंगल करत्यात.’’

‘‘टिंगल बी करत्यात. उद्या येता का?’’

‘‘उद्या कशाला? चप्पल घालतो.’’

जिन्यावरून सून मानसी ओरडली, ‘‘आबा, जेवण झालं नाही तुमचं!’’

‘‘सोपानाकडं जेवतो,’’ आबा म्हणाले, आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस मांडीवर चेनकप्पीचं गाठोडं घेऊन मोटरसायकलवर बसला.

इंजिन बसवायचं काम छान झालं. शेजारचा दत्ता मदतीला आला होता. त्याची मदत म्हणजे एक हात दोरीला आणि तोंड मोकळं. चेनकप्पी तुळईला अडकवली, इंजिन साखळीवर तोललं आणि आबा एकेक कडी खाली सोडत गेले. सोपान विमानाच्या नाकाशी वाकून बोल्ट भोकात धरत होता. नाकावरच्या लोखंडी चौकटीवर इंजिन टेकलं, साखळी सैल झाली, तशी शेपटी आपोआप उचलली गेली आणि पुढचं चाक हलकेच जमिनीला लागलं. विमान पहिल्यांदाच आपल्या तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

कस्तुराबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

‘‘वैनी, बघा,’’ दत्ता म्हणाला, ‘‘ह्यानं तरी मान खाली घातली. आमचा भाऊ कवा घालनार?’’

‘‘त्याच्या मानंवर इंजान ठेवायला माजी चेनकप्पी पुरायची न्हाई,’’ आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

मग आबांनी पिशवीतून पाणसळ काढली. इंजिनावर एकदा आडवी ठेवली, एकदा उभी. एक डोळा मिटून समोरून पाहिलं. ‘‘सोपाना, उजवीकडं कललंय. नाक बी खाली हाय.’’

‘‘असंच असतंय ते आबा. नकाशात तसंच हाय.’’

‘‘असंच कसं असंल?’’

सोपान सांगणार होता. पण नेमकं त्याच्या लक्षात आलं, की पेट्रोलचा पाइप आखूड पडतोय. त्यासरशी तो पाइप हातात घेऊन बाहेर उजेडात गेला, तिथून टेप शोधायला घरात, आणि घरातून फोन घेऊन बांधावर. आबा पाणसळ हातात धरून थोडा वेळ थांबले. त्यांना हे नवीन नव्हतं. लहानपणीही हे पोरगं शेवटचा आटा न पिळताच पुढच्या नटाकडे धावायचं.

दुसऱ्या दिवशी सोपान पाइप आणायला लोणावळ्याला गेला. परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि कस्तुराबाई दारातच खूश होऊन उभी होती.

‘‘आबा येऊन गेले. टमटमनं, एकले. दिवसभर राबले बघा. जेवताना म्हनले, कस्तुरा, तुजा नवरा घाईचा. आज त्याचं वाकडं सरळ करून ठिवतो. हात धुवायला साबन दिला, तर म्हनले, राहू दे. ग्रीस तसंच राहू दे. घरी सुनंला दाखवतो.’’

सोपान पुढचं ऐकायला थांबला नाही. शेडमध्ये गेला आणि इंजिनापुढे उभा राहिला. चौकटीच्या उजव्या बाजूला आणि खाली, बोल्टांच्या मागे चकचकीत वॉशरांचं पॅकिंग घातलेलं होतं. नट तारेनं बांधले होते, तारेची टोकं आत वळवून दाबली होती, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. शेपटीपासून नाकापर्यंत ताणलेला दोरा अजून तसाच होता, आणि इंजिनाचा मध्य त्या दोऱ्यावर तंतोतंत आलेला होता. आयुष्यात इतकं सरळ काम सोपानने फार थोड्या वेळा पाहिलं असेल.

आणि ते चूक होतं.

इंजिन तसं कललेलं असायला कारण होतं. पुढचा पंखा फिरला की त्याचा वारा विमानाच्या अंगाला पीळ घालत मागे जातो, शेपटीला एका बाजूनं ढकलतो, आणि नाक डावीकडे जातं. म्हणून इंजिन मुळातच थोडं उजवीकडे, थोडं खाली तोंड करून बसवतात. सोपानने ती चौकट त्या हिशेबानेच जोडली होती. ओळीनं तीन वेळा तोडून जोडली होती.

त्याने निलेशला फोन लावला.

‘‘सरळ केलं तर किती फरक पडतो रे?’’

‘‘कोणी केलं सरळ?’’

‘‘किती पडतो ते सांग.’’

‘‘काका, जोर दिला की डावीकडे ओढणार आणि नाक उचलणार. सवयीचा माणूस पायाने दांडी दाबून शेपटीचं सुकाणू वळवेल आणि सांभाळेल. पण पहिल्यांदा उडताना, जमीन सोडायच्या क्षणाला, मी तरी हा धोका घेणार नाही. काढून टाका ना ते पॅकिंग. अर्ध्या तासाचं काम आहे.’’

अर्ध्या तासाचंच होतं. सोपानने पाना घेतला, पक्कड घेतली, आणि त्या आत वळवलेल्या तारेवर ठेवली. मग काढली. बाहेर गेला. बांधावर एक चक्कर मारली, परत आला, पुन्हा पक्कड ठेवली.

‘‘काय झालंय?’’ कस्तुराबाईने विचारलं. त्याने सांगितलं.

‘‘मग काढा की गुपचूप.’’

‘‘ते रोज येनार हायती आता, पानसळ घिऊन.’’

‘‘मग सांगा त्यास्नी.’’

‘‘काय सांगू? तुमी जल्मभर जे केलं ते हितं चुकलं म्हनून?’’

कस्तुराबाई उंबऱ्यावर टेकली. दुपारी आबा ओसरीवर जेवत होते तेव्हा त्यांच्या घशात काहीतरी गुणगुणणं चाललं होतं, ते तिला आठवलं. ‘‘दुकान मोडल्यापासनं पयल्यांदा कुनी त्यास्नी कामाला बोलावलं,’’ ती म्हणाली. ‘‘जरा संबाळून सांगा. पर सांगा.’’

सोपानला सांभाळून सांगायची कला अवगत नव्हती. त्याला घाईने सांगता यायचं, किंवा मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी आबा आले, तेव्हा तो सुरुवात करायला म्हणून ‘‘आबा,’’ म्हणाला, आणि आबांनी वर पाहिलं तेव्हा ‘‘पानी आनू का?’’ म्हणाला. पाणी आणायला गेला तो विहिरीवर मोटारीचा आवाज कसा येतोय ते ऐकत बसला. परत आला तर आबा इंजिनाच्या बुडाशी गुडघे टेकून तारेची गाठ बोटाने चाचपत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, ‘‘आता कुटं जायचं न्हाई हे.’’

त्या रात्री त्याने कूस बदलून बदलून गोधडीचा बोळा केला. सकाळी कामशेत गाठलं. आबा दुकानासमोरच्या चहावाल्याकडे होते आणि त्यांच्याभोवती चार माणसं जमली होती. भात-व्यापाऱ्याचा हमाल, दोन रिक्षावाले, आणि रस्त्याने जाता जाता थांबलेला कुणी. आबा हवेत हात फिरवून इंजिन कसं कललं होतं ते दाखवत होते. सोपानला पाहून म्हणाले, ‘‘ह्यो बघा, ह्यो मालक. काय रं सोपाना, रैवारी पळवायचं ना? मी समद्यांना सांगितलंय. नारळ माजा.’’

‘‘व्हय आबा,’’ सोपान म्हणाला. चहा उभ्यानेच संपवला, भाजलेली जीभ घेऊन परत आला.

मधल्या दिवसांत त्याने काय काय केलं त्याला गणती नाही. खालची तीन खाचरं एक करण्यासाठी मधले बांध आधीच फोडले होते. ती जमीन पुन्हा चोपली. चाकांत हवा भरली, काढली, भरली. विमानाभोवती इतक्या चकरा मारल्या की शेडमधल्या मातीत वाट पडली. एकदा त्याला वाटलं, राहू दे पॅकिंग, आपण पायाने सांभाळू. लगेच निलेशचं बोलणं आठवून त्याने पुन्हा पाना उचलला. एकदा वाटलं, काढावं आणि आबांना म्हणावं, निलेशने काढलं. पण निलेशच्या अंगावर टाकायला त्याचं मन काही केल्या तयार होईना. कस्तुराबाई फक्त त्याच्याकडे बघत होती, आणि तेच त्याला जड जात होतं.

रविवारी लोक जमायच्या आधीच आबा आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, पिशवीत नारळ. सोपान विमानाभोवती फिरत होता. आबा खुर्चीवर बसून त्याच्या दोन-तीन चकरा बघत राहिले.

‘‘सोपाना, हितं ये. बस.’’

‘‘बसतो आबा, जरा पेट्रोल...’’

‘‘बस म्हनलं. ल्हान होतास तवा नट उलट्या आट्याचा लागला की असाच फिरायचास दुकानात. काय लपवतोयस?’’

सोपान दगडावर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘आबा, नांगराला एक बैल दांडगा आनि एक हलका असला, तर जुवाचं काय करता?’’

‘‘मला बैल शिकवतोस व्हय? मधला खिळा दांडग्याकडं सरकवायचा. मग नांगुर सरळ चालतो.’’

‘‘म्हंजी खिळा मधोमध नसतो.’’

‘‘नसतो.’’

‘‘ह्या इंजानाचं तसं हाय.’’

मग त्याने सगळं सांगितलं. पंखा, वाऱ्याचा पीळ, शेपटी, नाक. मध्ये एकदाही उठला नाही, पण गुडघा सारखा हलत होता. आबांनी नकाशा मागितला. नकाशावरची तिरकी रेघ त्यांनी नखाने दोन-तीनदा गिरवली. त्यांची मान जरा खाली गेली.

‘‘हे त्याच दिशी का न्हाई सांगितलंस?’’

‘‘तुमाला पटलं नसतं.’’

‘‘मला पटलं नसतं, का तू थांबला नसतास?’’

सोपानने दगडापुढची माती टाचेनं सपाट केली.

‘‘मी चार गावात सांगितलंय,’’ आबा हळू आवाजात म्हणाले. ‘‘मानसीला सांगितलं. हात दाखवला.’’ मग ते उठले. ‘‘तू म्हनतोस म्हनून मी पॅकिंग काढायचो न्हाई. पळवून दाखव. आधी माजं. मग तुजं.’’

‘‘आबा, लोकं जमत्यात. त्यांच्या म्होरं कशाला? आत्ताच काढू. कुनाला कळायचं न्हाई.’’

‘‘सरळ केलं म्हनून म्या लोकांतच सांगितलं. आता चोरून वाकडं करू व्हय?’’

लोक जमले. दत्ता आपल्या खाचराच्या बांधावर उभा राहिला, कारण डाव्या अंगाला त्याचा हरभरा होता. कस्तुराबाईने विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं. कुणीतरी विचारलं, ‘‘नारळ आधी का नंतर?’’ आबा म्हणाले, ‘‘नंतर.’’

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. मागे भाताचं तूस आणि धूळ उधळली, बायकांनी पदर घेतले, एका म्हाताऱ्याची टोपी उडून पार विहिरीपर्यंत गेली. सोपान आत बसला होता. पट्टा आवळलेला. आबा त्याच्या बसायच्या जागेपाशी येऊन कानात ओरडले, ‘‘पायानं धरू नको! त्याला जायचं तितं जाऊ दे! मला बघायचंय!’’

सोपानने जोर दिला. विमान हललं, चाकं खडखडली, आणि ते पळायला लागलं. पहिल्यांदा सरळ. मग नाक हळूहळू, जणू कुणी मागून शेपूट धरून वळवावं तसं, डावीकडे जाऊ लागलं. सोपानने पाय आवरून धरले. दत्ताचा बांध समोर आला तेव्हा त्याने इंजिन बंद केलं आणि चाक बांधाच्या मातीला टेकून थांबलं.

‘‘भाऊ, रस्ता तिकडं!’’ दत्ता ओरडला. ‘‘माज्या हरभऱ्यात कुटं?’’

हशा पिकला. ‘‘चाक वाकडं असंल,’’ कामशेतचा एक रिक्षावाला म्हणाला. ‘‘आबांचं इंजान हाय, ते चुकायचं न्हाई.’’

‘‘चाक न्हाई,’’ आबांनी मोठ्याने सांगितलं. ‘‘इंजानच हाय. ते असं बसवायचं नसतं. सोपानानं नीट बसवलं होतं, म्या सरळ केलं.’’

हसणं थांबलं. कुणाला कुठे बघावं ते कळेना. सोपान पट्टा सोडून धडपडत खाली उतरला आणि काहीतरी बोलायला गेला, पण आबांनी हात पुढे केला. ‘‘पक्कड.’’

विमान ढकलत परत आणलं. आबांनी स्वतः बांधलेली तार स्वतः तोडली. चेनकप्पी पुन्हा अडकवून इंजिनाचा भार तोलला, आणि एकेक वॉशर काढून कस्तुराबाईच्या ओंजळीत ठेवला. मग पुन्हा दोरा ताणला. या वेळी दोऱ्यावर इंजिन आणायचं नव्हतं, तर नकाशात जितकं सांगितलंय तितकंच दोऱ्याबाहेर ठेवायचं होतं. तिथे आबांचे हात अडखळत होते. डोळा त्याला मध्यावर ओढायचा आणि ते पुन्हा टेप लावून बघायचे. सोपानला चार वेळा म्हणावंसं वाटलं, ‘‘बास झालं आबा,’’ पण तो बॅटरीचा उजेड धरून उभा राहिला. लोक कंटाळले. काही जेवायला गेले, काही गेले ते आलेच नाहीत. आबांनी शेवटची तार बांधली आणि टोक आत वळवलं.

दुसऱ्या खेपेला विमान खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळालं. थोडं लटपटलं, पण डावीकडे गेलं नाही. मागून चाकांची रेघ बघत आबा चालत आले. मधेच थांबले, मागे वळून पाहिलं, पुन्हा चालले. कुणी टाळ्या वाजवल्या, दत्ताने शिट्टी मारली. सोपान खाली उडी मारून धावत आला आणि नारळ त्यांच्यापुढे धरला.

‘‘तू फोड,’’ आबा म्हणाले.

‘‘तुमचा नारळ हाय.’’

‘‘फोड म्हनतो ना.’’

सोपानने फोडला. खोबरं वाटायला कस्तुराबाई पुढे झाली. तिने पहिला तुकडा आबांच्या हातावर ठेवला, तो त्यांनी बराच वेळ तोंडात टाकला नाही.

दिवस उतरायच्या आत सोपान त्यांना कामशेतला सोडायला गेला. दुकानापाशी आबा उतरले, चेनकप्पीचं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘‘कुनी इच्चारलं तर सांग, सोपानानं बसवलं. माजं नाव नको.’’

‘‘असं कसं आबा? शेवटी तुमीच बसवलं की. दोरा तुमचा, मोजमाप तुमचं.’’

‘‘बरोबर बसलंय, ते कळलं मला. पर डोळ्याला ते वाकडंच दिसतंय. ह्या डोळ्यांनी जल्मभर भाकरी दिली. आता म्हातारपनी त्यास्नी म्हनू, तुमी खोटं? माजं नाव सरळ इंजानांवर असू दे.’’

सोपानला हे पटलं नाही. त्याला ते सगळ्या तालुक्याला सांगायचं होतं, विमानाच्या अंगावर आबांचं नाव रंगवायचं होतं, आणि ते आत्ताच्या आत्ता करायचं होतं. पण आबांच्या तोंडाकडे बघून त्याने नुसती मान हलवली. मोटरसायकल धडधडत राहिली. वरून मानसीने विचारलं, ‘‘पळालं का हो विमान?’’

‘‘पळालं,’’ आबा म्हणाले. ‘‘सोपानाचं काम चांगलं हाय.’’

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले. परत आले. ‘‘एक सांग. वर गेल्यावर जोर ज्यादा दिलास, तर ह्यो वाकडेपना पुरतो का?’’

‘‘न्हाई पुरत. मग पाय लावावा लागतो.’’

‘‘कंचा?’’

‘‘उजवा.’’

आबांनी त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो मोटरसायकलच्या ब्रेकवर नुसताच वर-खाली होत होता. ‘‘आनि घाईत डावा लावलास तर?’’

सोपान हसला. आबा हसले नाहीत. मग सोपानचंही हसू गेलं.

‘‘उद्या येतो,’’ आबा म्हणाले. ‘‘इंजान बंद. तू आत बसायचं, डोळं मिटायचं. मी शेपूट धरून ढकलीन, तू पाय लावायचा. चुकलास की पुन्यांदा. मला दुसरं काम न्हाई.’’

सोमवारी सकाळी कस्तुराबाई भात निवडत ओसरीवर बसली होती. शेडमधून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चाकांची कुरकुर झाली, आणि पत्रे दणाणतील असा आबांचा आवाज आला, ‘‘उजवा! आरं उजवा म्हनतो मी! चल, पुन्यांदा!’’